घुम्याचे उलटे हात

‘पलीकडचं ठाणं’ या विज्ञानकथा-मालिकेचे चाळिसावे वर्ष सुरू झाले, तेव्हा तिच्या नावावर दूरचित्रवाणीवरचे असंख्य भाग, तीन चित्रपट (त्यांतल्या दुसऱ्याचा विषय स्टुडिओत कोणी काढत नाही), एक नभोनाट्य, खेळणी, दप्तरे, उशांचे अभ्रे आणि एक दंतमंजन एवढा संसार जमा झालेला होता. वर्धापनवर्षानिमित्त या संसाराची नीट मांडणी व्हावी, म्हणून कंपनीने मला नेमले. कोठारातली प्रत्येक वस्तू तपासायची, तिच्याविषयी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींपैकी खऱ्या किती ते पाहायचे, असे कामाचे स्वरूप होते. हा मजकूर मात्र त्या वस्तूंपैकी एकीच्या आत चाळीस वर्षे उभ्या राहिलेल्या माणसाविषयी आहे.

मालिकेचे कथानक थोडक्यात सांगता येते. माणसांच्या वस्तीपासून फार दूर, एका थंड ग्रहाभोवती फिरणारे एक ठाणे आहे. तिथे माणसे येतात, भांडतात, संकटात सापडतात आणि सुटतात. कप्तान बदलले, डॉक्टर बदलले, मध्यंतरी एकदा ग्रहही बदलला आणि त्याचे स्पष्टीकरण देण्याची तसदी कोणी घेतली नाही. बदलला नाही तो घुम्या. राखाडी अंगाचा, चौकटीला डोके लागेल इतका उंच, चेहऱ्याच्या जागी केवळ एक आडवी फट असलेला हा परग्रहवासी पहिल्या भागात ठाण्याच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि तेव्हापासून एक अक्षर बोललेला नाही. त्या फटीमागे कसला चेहरा आहे, हे ना ठाण्यावरच्या मंडळींना माहीत, ना प्रेक्षकांना.

फटीमागे मामा असतात. स्टुडिओत लहानथोर सगळे त्यांना मामाच म्हणतात.

मामांचे नाट्यशिक्षण आणि त्यांची अभिनयसाधना यांविषयी कंपनीच्या जुन्या प्रसिद्धिपत्रकांत बरेच काही छापलेले आहे. त्यातले काहीही खरे नाही. मामा एका लाकूडसामानाच्या दुकानात उचलठेवीचे काम करत. सेटवर ते एक कपाट पोचवायला आले होते. घुम्याचा पोशाख ज्याच्या मापाने शिवला होता, तो नट आत शिरताच गुदमरून बाहेर आला होता आणि पुन्हा जायला तयार नव्हता. दिग्दर्शकाने मान वळवली, तर त्याच उंचीचा एक माणूस समोर कपाट धरून उभा.

“जरा हे अंगात घालून बघता का?” दिग्दर्शकाने विचारले.

“हे आधी कुठं ठेवू?” मामांनी विचारले.

ते कपाट पहिल्या भागात कप्तानाच्या खुर्चीमागे दिसते. हे मी स्वतः पडताळून पाहिले आहे.

पोशाख पाठीवर दोऱ्यांनी बांधला जातो. डोके (सेटवर त्याला कोणी मुखवटा किंवा शिरस्त्राण म्हणत नाही, ‘डोकं’च म्हणतात) मानेशी दोन कळांनी अडकते. कळा सुटायच्या तर दोन्ही अंगठ्यांनी एकाच वेळी घट्ट दाबाव्या लागतात. थोडक्यात, आतल्या माणसाला दुसऱ्याच्या मदतीशिवाय घुम्या होता येत नाही. त्या दिवशी ही मदत करायला शिवणखात्यातली सर्वांत नवी मुलगी धावली. तिने दोऱ्या आवळल्या, डोके बसवले, आणि चित्रीकरण सुरू व्हायच्या घाईत डावा हातमोजा उजव्या हातात व उजवा डाव्या हातात चढवला. हातमोजे कडक कापडाचे आणि जाड भरावाचे. परिणामी घुम्याचे अंगठे आतल्या बाजूला न येता बाहेरच्या बाजूला आले. अंगठ्याच्या खोळीत मामांची करंगळी गेली, आणि खरा अंगठा बोटांबरोबर कोंबला गेला.

ही मुलगी म्हणजे आजच्या मामी. आता शिवणखाते त्यांच्याच हाती आहे. चूक कोणाच्या कधी लक्षात आली, याविषयी उभयतांत एकमत नाही.

“मला लगेच कळलं होतं,” मामा सांगतात. “पण म्हटलं, बोललो तर पोरीला ओरडा बसायचा. तो मोठा टेलरमास्तर फार खडूस होता.”

“काही कळलं नव्हतं ह्यांना,” मामी सांगतात. “ह्यांना अजून चपला उलट्या घातलेल्या कळत नाहीत.”

दोन्ही विधाने मी नोंदवून ठेवली आहेत. निवाडा करण्याजोगा पुरावा उपलब्ध नाही. एवढे खरे की वर्षाच्या आत त्यांचे लग्न झाले.

या चुकीचे पुढे जे झाले, ते दुसऱ्या कुठल्याही कारखान्यात झाले नसते. या मालिकेचा एक अलिखित कायदा आहे: पडद्यावर एकदा गेले, ते खरे. कप्तानाच्या अंगरख्याला पहिल्या भागात एक गुंडी कमी होती. आजही कप्तान कोणीही असो, गुंडी कमीच असते. त्याच न्यायाने दुसऱ्या भागापासून हातमोजे मुद्दाम उलटे चढवले जाऊ लागले. अशा हातांनी काही चिमटीत धरता येत नाही, म्हणून घुम्या वस्तू दोन मनगटांमध्ये धरून उचलतो. प्रेक्षकांना ती त्याच्या जातीची नजाकत वाटली. मालिकेचे भक्त आजही एकमेकांना भेटले की दोन्ही तळवे उलटे जोडून, अंगठे बाहेर काढून अभिवादन करतात. एका खेळणी बनवणाऱ्याने एकदा चांगल्या हेतूने घुम्याचे अंगठे जागेवर बसवले. ती खेळणी पोतीच्या पोती परत आली. त्यांतली काही कोठारात आहेत. दिसायला अगदी नीट आहेत, आणि तरीही त्यांच्याकडे पाहताना काहीतरी चुकल्यासारखे वाटते, हे मान्य करावे लागते.

या कायद्याची राखण करणाऱ्या बाईंना सगळे आठवणबाई म्हणतात. आधीच्या भागाशी नवा भाग जुळतो की नाही, हे पाहणे त्यांचे काम. चष्मा कपाळावर, हातात थर्मास, आणि ओठांवर एकच वाक्य: “असं नव्हतं हं ते.”

चाळिसाव्या वर्षाच्या प्रारंभी कंपनीत नवे निर्माते आले. तरतरीत गृहस्थ होते. सगळे त्यांना नवे साहेब म्हणू लागले. पहिल्याच बैठकीत त्यांनी जाहीर केले की वर्षाच्या अखेरच्या भागात घुम्या आपले डोके काढील. स्वतःच्या हातांनी, एकाच सलग शॉटमध्ये, मध्ये कुठेही न कापता. म्हणजे लोकांना फसवल्यासारखे वाटणार नाही.

“आणि आत कोण?” लेखकांपैकी एकाने विचारले.

“आत मामा,” नवे साहेब म्हणाले. “चाळीस वर्षं माणूस उकडून निघाला. त्याचा हक्कच आहे तो.”

मामा कोपऱ्यात चहा पीत होते. कप त्यांनी करंगळीवर तोलला होता. इतक्या वर्षांनंतर त्यांच्या हातांत खरे बळ करंगळ्यांमध्येच उरले आहे. ते म्हणाले, “मला नको.”

हा विनय आहे असे सर्वांनी गृहीत धरले. तो विनय नव्हता.

त्यांच्या घरी त्या वर्षात मी अनेकदा पाहुणचार घेतला. दोन खोल्या, खिडकीत शिवणयंत्र, आणि एक जेवणाचे टेबल, ज्यावर जेवणापेक्षा कापडच जास्त वेळ मांडलेले असते. वादाचा पहिला अंक मी तिथेच ऐकला.

“नको काय नको?” मामी म्हणाल्या. “एकदा दिसाल तर काय झिजाल?”

“अगं, मी बाजारात जातो, भाजी घेतो, पेपर वाचत बाकावर बसतो. कोणी वळून बघत नाही. भाजीवाल्यानं वजनात मारलं तर भांडता येतं. उद्या तोच सही मागायला लागला तर भांडू कसा?”

“आणि मी लोकांना काय सांगू?”

“काय सांगतेस आत्तापर्यंत?”

“टीव्हीत असतात म्हणते. मग विचारतात, कशात. म्हणते, घुम्यात. मग म्हणतात, हो का, दिसले नाहीत कधी.”

येथे मामींच्या धाकट्या बहिणीचा उल्लेख अपरिहार्य आहे. त्यांचे पती एकदा साबणाच्या जाहिरातीत, रांगेत तिसरे, टॉवेल घेऊन उभे होते. जाहिरात केव्हाच बंद झाली. मेहुणीबाईंची मात्र अजून चालू आहे.

“ह्यांचं कसं, चेहरा फोटोला चांगला येतो,” त्या एका दुपारी मामांच्या टेबलाशी बसून म्हणत होत्या. “भावजींचं काम आपलं झाकलेलं. कष्टाचं असतं म्हणा. गाढवाच्या सोंगात पण पुढचा आणि मागचा असे दोघं लागतातच की.”

“मी पुढचा,” मामा म्हणाले.

“तुम्ही हसण्यावारी नेता भावजी. ताईला वाईट वाटतं.”

ताईला वाईट वाटतच होते. वर्षभर मामींना एवढे एकच हवे होते: आपल्या नवऱ्याचा चेहरा एकदा लोकांनी पाहावा. आणि मामांना एवढेच नको होते. “आत मी आहे हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे,” ते म्हणत. “बाकीच्यांसाठी आत घुम्याच बरा.” चाळीस वर्षांत त्यांनी पत्नीला कधी मोडता घातला नव्हता, आणि याही वेळी घातला नाही. करार समोर आला, त्यांनी सही केली. मात्र ती पेन मनगटांत धरून, उलट्या हातांनी करून दाखवली. नव्या साहेबांना ते लाघवी वाटले.

एक अडचण तेव्हाच दिसायला हवी होती. उलट्या हातमोज्यांनी डोक्याच्या कळा दाबता येत नाहीत. घुम्याला स्वतःचे डोके काढताच येत नाही. नवे साहेब नवे होते, लेखक खुर्चीत बसून लिहिणारे होते, आणि बाकीच्या मंडळींनी इतकी वर्षे डोके मामींनाच काढताना पाहिले होते, की ते कसे निघते याचा विचार करण्याची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. मामींच्या मात्र ते बैठकीच्या दिवशीच लक्षात आले. कोणालाही न सांगता त्यांनी एक बारीक कातडी पट्टी कापली, तिचा फासा केला आणि तो डोक्याच्या आतून, अस्तराखालून, दोन्ही कळांना जोडून मानेमागे बाहेर काढला. आता करंगळी अडकवून एक झटका दिला की दोन्ही कळा सुटत. पट्टी राखाडी रंगवली होती. माहीत नसलेल्याला ती शिवणीची सुरकुतीच वाटली असती.

“हे कशाला?” मामांनी विचारले.

“तुमच्यासाठी.”

मामांनी करंगळी घालून पाहिली. डोके सहज सुटले. “हुशार आहेस,” ते म्हणाले, आणि त्यांना त्याचा आनंद झाला असे मामींनाही वाटले नाही.

वर्षाच्या मध्यावर भक्तांचा वार्षिक मेळावा भरतो. प्रशस्त सभागृह, रंगवलेले चेहरे, पुठ्ठ्याची शस्त्रे, आणि दुसऱ्या चित्रपटावरून वाद. मामा पोशाखात दारापाशी उभे राहिले आणि लोक रांगेने येऊन उलटे हात जोडून जात राहिले. ते दृश्य मी सावधपणे सांगतो, कारण अशा प्रसंगांचे वर्णन करताना लिहिणाऱ्याचा हात सैल सुटतो. कोणी रडले नाही. एका रुंद बांध्याच्या गृहस्थांनी मात्र पुढे होऊन घुम्याला हळूच विचारले, “डोकं काढणार म्हणे तुम्ही?” घुम्या अर्थातच बोलला नाही. गृहस्थ म्हणाले, “बघा बुवा. तुमचं डोकं, तुमचा प्रश्न,” आणि पुढच्या दुकानावर पेला विकत घ्यायला गेले. मामांनी हा संवाद घरी आल्यावर जसाच्या तसा सांगितला. वर्षभरात आपल्या बाजूने बोललेला माणूस म्हणून ते त्याच गृहस्थांचा दाखला देत.

त्यानंतर चेहऱ्याची चाचणी झाली. डोके निघाल्यावर दिसणारा चेहरा प्रकाशात कसा येतो, हे पाहायचे होते. मामींनी त्या दिवशी मामांच्या सदऱ्याला दोनदा इस्त्री केली, वास्तविक सदरा दिसणारच नव्हता. मामा दिव्यांसमोर स्टुलावर बसले, नाकावर चष्म्याचे दोन खड्डे, थोडेसे अवघडून, दाढीच्या दुकानात बसतात तसे. पलीकडे पडद्याभोवती नवे साहेब आणि त्यांची माणसे जमली. मामी पोशाखांच्या रांगेमागे गुंड्या तपासत होत्या. त्या तिथे आहेत, हे त्यांपैकी कोणाला माहीत नव्हते.

“छान चेहरा आहे,” कॅमेऱ्याचे काम पाहणारा म्हणाला.

“छान आहे हो,” नवे साहेब म्हणाले. “कोणाचे तरी काका वाटतात.”

“मग?”

“मग काय मग. चाळीस वर्षं लोकांना थांबवायचं आणि शेवटी कोणाचे तरी काका दाखवायचे?”

“मेकअप करू. थोडा निळसर रंग.”

“निळे काका,” साहेब म्हणाले. “हे बघा, चेहऱ्याचं काय, बदलता येतो. उभे मामा राहतील, चालतील मामा. शेवटच्या शॉटला आत दुसरं कोणीतरी घालू. बघण्यासारखं.”

मामींनी गुंड्या तपासायचे काम पूर्ण केले आणि मगच तिथून उठल्या. यावर त्यांचा भर असतो, म्हणून नमूद करत आहे.

बघण्यासारखा जो नट ठरला, तो त्या काळी फार गाजलेला होता. त्याची हनुवटी इतकी सुबक होती की शिवणखात्यात त्याचे नावच हनुवटी पडले. माणूस वाईट नव्हता. तालमीला आला तेव्हा त्याने मामांना नमस्कार करून विचारले, “मामा, ह्याच्या चालण्याची खुबी काय?”

“बूट एक माप मोठे आहेत असं समजून चालायचं.”

“समजून?”

“आहेतच मोठे.”

घरी मामा निवांत होते. “बरं झालं,” ते म्हणाले. “मला नको होतं, मिळालं नाही. सगळ्यांचं जमलं.”

“माझं नाही जमलं,” मामी म्हणाल्या.

“तुला चेहरा दाखवायचा होता ना घुम्याचा?”

“तुमचा,” मामी म्हणाल्या. “घुम्याच्या अंगातून दुसराच माणूस निघालेला बघायला मी चाळीस वर्षं दोऱ्या आवळल्या नाहीत.”

मामा यावर हसले नाहीत. जेवण झाल्यावर त्यांनी घरी आणलेले घुम्याचे बूट काढून पॉलिश केले. बुटांना पॉलिश लागत नाही, ते कापडाचे आहेत. सगळा राखाडी रंग डागाळला आणि दुसऱ्या दिवशी मामींना तो नव्याने द्यावा लागला.

अखेरच्या चित्रीकरणाच्या दिवशी मामी सकाळी सर्वांच्या आधी शिवणखात्यात आल्या. त्यांनी डोके मांडीवर घेतले, अस्तर उलटे केले आणि बारीक कात्रीने तो कातडी फासा टाका टाका उसवून काढला.

“तुम्ही मुद्दाम अडथळा आणलात, असा याचा अर्थ होऊ शकतो,” असे मी पुढे त्यांना म्हणालो.

“कोणी मागितली होती का मला ती पट्टी?” त्यांनी उलट विचारले. “मी माझं माझ्या माणसासाठी लावलं होतं. माणूस बदलला, मी माझं परत घेतलं.”

या युक्तिवादात दोष सापडत नाही.

दृश्य असे होते: ठाणे संकटात आहे, डॉक्टरीणबाई (ही भूमिका करणाऱ्या बाई गेली बरीच वर्षे त्या ठाण्यावर आहेत) घुम्याला विचारतात, ‘तू कोण आहेस?’ आणि घुम्या उत्तरादाखल डोके काढतो. हनुवटीला पोशाखात बांधले गेले, मामींनी डोके बसवले, हातमोजे उलटे चढवले. सेटवर एरवी ज्यांचे काम नसते तेही जमले होते. मामा कपाटाला टेकून उभे होते. होय, तेच कपाट. पडद्यावर गेले, ते खरे.

डॉक्टरीणबाईंनी प्रश्न विचारला. घुम्याने हात मानेकडे नेले. हात मानेशी बराच वेळ काहीतरी शोधत राहिले, मुंगी चावल्यासारखे. पहिला प्रयत्न फसला. दुसऱ्या वेळी तो लांबच्या माणसाला हाका मारत असल्यासारखा दिसला. तिसऱ्या वेळी आतून दबका आवाज आला, “अंगठा कुठंय माझा?”

“अंगठ्याच्या जागी करंगळी आहे,” मामांनी कपाटापासून सांगितले. “अंगठा शोधू नका, मिळायचा नाही.”

दिवे सांभाळणाऱ्यांपैकी कोणीतरी खोकल्याचा आवाज काढला.

“हातमोजे सरळ घाला,” नवे साहेब म्हणाले. “एका शॉटसाठी.”

आठवणबाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. “घाला की. मग अंगठे आत येतील. आणि उद्यापासून येणारे फोन तुम्ही घ्यायचे. खेळण्यांची पोती बघितलीत ना कोठारात?”

साहेबांनी ती बघितली होती. “मग कळा सैल करा.”

“सैल केल्या तर चालताना डोकं पडेल,” मामी म्हणाल्या.

“मग डॉक्टरीण काढेल डोकं. तिचे अंगठे आहेत ना जागेवर?”

पण एवढ्यात आत उकाडा वाढला होता. घुम्याने दोन्ही मनगटे डोक्यावर आपटायला सुरुवात केली. मामी पुढे झाल्या, कळा दाबल्या, आणि डोक्यातून हनुवटी बाहेर आली: लाल, भिजलेली, केस कपाळाला चिकटलेले. मामींनी मुद्दाम सावकाश कळा दाबल्या, असे दिवेवाल्यांचे म्हणणे आहे. मामी ते नाकारतात.

“मी परत त्या बोगद्यात जाणार नाही,” हनुवटी म्हणाला. “मामा, तुम्ही हे कसं केलंत इतकी वर्षं?”

“कपाट उचलण्यापेक्षा बरं होतं,” मामा म्हणाले.

हनुवटी गाडीत बसून गेला. सेट त्याच संध्याकाळी मोडायचा होता आणि भाग प्रसारणासाठी आधीच जाहीर झाला होता. नव्या साहेबांनी घाम पुसला आणि ते मामांकडे वळले. “मामा, तुम्हीच शिरा आत. डॉक्टरीण डोकं काढेल. तुमचाच चेहरा. काका तर काका.”

अशा रीतीने मामींना वर्षभर जे हवे होते, ते त्यांच्या पुढ्यात येऊन पडले.

पोशाख बांधायची जागा सेटच्या मागे, एका पत्र्याच्या आडोशाला आहे. तिथे दोघांशिवाय कोणी नव्हते. तिथे झालेल्या संभाषणाबाबत मात्र दोघांची निवेदने, प्रथमच, तंतोतंत जुळतात.

मामींनी पाठीच्या दोऱ्या ओढल्या. मामा म्हणाले, “तुझं झालं की मनासारखं.”

“हो.”

“मग तोंड पुसून दे. चांगला दिसायला हवा.”

मामींनी टॉवेलने त्यांचे तोंड पुसले. चष्म्याचे खड्डे, गालावरची अस्तराची जुनी रेघ. मग त्या म्हणाल्या, “काल हाच चेहरा चालत नव्हता त्यांना.”

“आज चालतोय.”

“आज अडलंय म्हणून चालतोय.” त्यांनी डोके उचलले. “अडीनडीला वापरायचा चेहरा नाही माझ्या नवऱ्याचा.”

“मग काय करू?”

मामींनी डोके बसवले, कळा लावल्या, एकामागून एक हातमोजे उलटे चढवले आणि फटीशी तोंड नेऊन सांगितले, “ती कळांना हात लावायला आली की धरा तिचा हात. पण हळू. मनगट नाजूक आहे तिचं.”

ते दृश्य नंतर सर्वांनी पडद्यावर पाहिले आहे. डॉक्टरीणबाई विचारतात, ‘तू कोण आहेस?’ घुम्या उभा राहतो. त्या जवळ येतात, त्यांचे अंगठे कळांवर टेकतात. आणि घुम्या आपली दोन मनगटे वर आणून, काचेचे भांडे धरावे तसा, त्यांचा हात धरतो आणि खाली ठेवतो. हे संहितेत नव्हते. डॉक्टरीणबाई मुरलेल्या नटी. त्या क्षणभर फटीकडे पाहत राहिल्या, मग त्यांनी घुम्याच्या बाहेर आलेल्या अंगठ्यावर बोट ठेवले आणि मनाचेच वाक्य बोलल्या: “बरं. राहू दे.”

कॅमेरा कोणी थांबवला नाही. नवे साहेब तोंड उघडणार होते. आठवणबाईंनी त्यांच्या हातात थर्मासचे झाकण दिले, चहा ओतलेले. “प्या,” त्या म्हणाल्या. “पडद्यावर गेलं की तेच खरं होईल.”

तसेच झाले. न उघडलेल्या डोक्याची चर्चा उघडलेल्या डोक्याची झाली असती त्याहून जास्त झाली. हे पहिल्यापासून असेच ठरले होते, असे नवे साहेब आता मुलाखतींतून सांगतात. ते विधान चुकीचे आहे. डोके सध्या कोठारात माझ्यासमोर आहे. त्याच्या अस्तरात, मानेमागे, उसवलेल्या टाक्यांची बारीक भोके अजून स्पष्ट दिसतात.

भाग प्रसारित झाला तेव्हा मेहुणीबाई ताईकडे आल्या होत्या. टेबलावरचे कापड आवरून मामींनी मटारच्या शेंगांची परात मांडली होती, आणि मामा शेंगा सोलत बसले होते. दृश्य संपले. मेहुणीबाईंनी उसासा टाकला.

“शेवटी नाहीच दाखवला चेहरा,” त्या म्हणाल्या. “ताई, मला तुझंच वाईट वाटतं गं. एवढं सगळं करून दिसले नाहीतच भावजी. आमच्या ह्यांचं कसं, निदान टॉवेल तरी—”

“तुला बघायचाय ना चेहरा?” मामी म्हणाल्या. “बघ की. समोर बसलाय.”

“तसं नव्हे गं. म्हणजे लोकांना कसं कळायचं की हेच ते?”

मामांनी परातीतून एक शेंग उचलली, दोन मनगटांच्या मध्ये अलगद धरली, आणि करंगळीच्या टोकाने ती टच्कन उघडली. दाणे परातीत पडले. त्यांनी दुसरी उचलली.

मेहुणीबाईंनी त्या हातांकडे पाहिले. मग पडद्याकडे पाहिले, जिथे घुम्या नावांच्या रांगेमागे अजून उभा होता. मग पुन्हा हातांकडे.

मामींनी परात त्यांच्याकडे सरकवली, आणि त्याही मुकाट्याने शेंगा सोलू लागल्या.